घरातले सगळे दिवे एलईडी केले, सांगलीतल्या जुन्या घराचा अनुभव : कुठं पैसे वसूल झाले, कुठं बघून घ्यावं लागतं

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. एलईडीवर घातलेला पैसा वसूल होतो, आमच्या घरात झाला, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा स्टार कापला तो एवढ्यासाठी की खोक्यावर २५ हजार तास लिहिलेलं असतं आणि लोक तेवढ्यावर विश्वास ठेवून बल्ब आणतात, पण बल्ब किती टिकणार हे बल्बपेक्षा तुमचा होल्डर, तुमचं वायरिंग आणि त्या बल्बला हवा मिळते का नाही यावर जास्त ठरतं. दुकानात हे सहसा कुणी सांगत नाही, आणि मग दोन बल्ब लवकर गेले की "एलईडी बोगस असतंय" म्हणून माणूस मोकळा होतो. माझं म्हणणं आहे बोगस नसतंय, नीट बसवायला पाहिजे.

घर आमचं गावभागात, जुनं, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मधे अंधारा जिना आणि मागं परसात न्हाणीघर. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा खालचं सगळं वायरिंग पाण्यात होतं, त्यानंतर आमच्या आळीत बऱ्याच जणांनी केलं तसं आम्ही पण बोर्ड आणि मीटर वर चढवून घेतले, पण दिवे मात्र जुनेच चालू राहिले. म्हणजे ४० वॅटच्या जाड ट्यूब आणि त्यांना तांब्याचा जड चोक, न्हाणीघरात आणि जिन्यात ६० चा पिवळा बल्ब, देवघरात रात्रभर झिरोचा बल्ब, वर दोन सीएफएल. एक ट्यूब चालू करायची म्हटलं की स्टार्टर बोटानं फिरवायचा, दुसरीचा चोक रात्री भुणभुण करायचा, आईला त्याचा फार त्रास व्हायचा.

आता हिशोब, कारण सगळ्यात आधी सगळे तेच विचारतात. ट्यूबवर ४० लिहिलंय म्हणून ती ४० च खाते असं नाही, तांब्याचा चोक स्वतः वरचे दहा-बारा वॅट गरम होण्यात घालवतो, म्हणजे धरा ५० ते ५२. ती रोज ६ तास लागली तर महिन्याला ९ युनिटच्या वर. त्याच जागी २० वॅटची एलईडी पट्टी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. ६० चा पिवळा बल्ब रोज ५ तास म्हणजे महिन्याला ९ युनिट, ९ वॅटचा एलईडी त्याच कामाला दीड युनिट पण घेत नाही. आणि झिरोचा बल्ब, याच्याकडं कुणी लक्षच देत नाही, त्याला १२ ते १५ वॅट लागतात, रात्रभर १० तास जळला तर महिन्याला चार-साडेचार युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी नाईट लॅम्प लावला की तेच काम महिन्याच्या पाव युनिटच्या आत होतं. आमच्याकडं देवघरात एक आणि आईच्या खोलीत एक असे दोन होते, नुसत्या त्या दोघांचेच आठ-नऊ युनिट वाचले, खर्च किती तर चहा-नाष्ट्याएवढा.

यात महावितरणच्या बिलाची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. घरगुती दर टप्प्यांनी आहेत, पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, आणि हा दुसरा जवळजवळ दुप्पट पडतो. तुम्ही महिन्याला १३० युनिट वापरत असाल तर वाचलेले ३० युनिट हे वरचे, महागाचे युनिट असतात. पहिले शंभर तसेच राहतात, वरची साय निघून जाते. त्याच्यावर परत १६ टक्के वीज शुल्क असतं ते पण तेवढं कमी होतं. म्हणून ज्यांचं बिल शंभराच्या थोडं वर रेंगाळतं त्यांना दिवे बदलण्याचा फायदा सगळ्यात जास्त जाणवतो, थंडीत फॅन बंद असताना तर आमचं मीटर शंभराच्या आत राहायला लागलं. पण हे पण स्पष्ट सांगतो, नुसते दिवे बदलून बिल निम्म्यावर येत नाही. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. जुना सीलिंग फॅन ७५ वॅटचा असतो, १२ तास फिरला की महिन्याला २७ युनिट, तिथं २८-३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) फॅन लावला तर एका फॅनमागं सोळा-सतरा युनिट वाचतात. दिवा स्वस्तात बदलतो म्हणून सुरुवात दिव्यापासून करायची, एवढंच.

बल्ब घेतले गणपती पेठेतल्या एका जुन्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून. दुकानाचं नाव देत नाही, पेठेत आणि हरभट रोडला अशी चांगली दुकानं बरीच आहेत, बघायचं ते वागणं. या शेठनी प्रत्येक बल्ब काउंटरवरच्या बोर्डला लावून दाखवला, पांढरा आणि वॉर्म शेजारी शेजारी लावून दाखवला, आणि बल्बच्या बुडाला मार्करनं तारीख टाकून सही केली. बिल मागायच्या आधी दिलं. एक बल्ब वॉरंटीत गेला तेव्हा खोकं मागितलं नाही, तारीख बघितली आणि दुसरा काढून दिला, पाच मिनिटांचं काम. त्याच्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी "कंपनीचा माणूस येईल तेव्हा बघू" असं ऐकून बल्ब महिनाभर त्यांच्या ड्रॉवरमधे पडून होता, तिथं परत गेलो नाही. वॉरंटी खोक्यावर एक वर्ष का दोन वर्ष यापेक्षा दुकानदार ती पाळतो का हे महत्त्वाचं आहे. पेठेत संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जावा, शेठला बोलायला पण वेळ असतो.

आता खोक्यावर काय वाचायचं. वॅट बघू नका, ल्युमेन बघा. वॅट म्हणजे खाल्लेली वीज, ल्युमेन म्हणजे मिळालेला उजेड. साधा ६० चा पिवळा बल्ब साधारण ७०० च्या आसपास ल्युमेन द्यायचा आणि नव्वद टक्क्यांच्या वर वीज नुसती उष्णतेत घालवायचा. चांगला ९ वॅटचा एलईडी ८०० ते ९०० ल्युमेन देतो. खोक्यावर ल्युमेन लिहिलेलेच नाहीत असा बल्ब घ्यायचाच नाही, कितीही स्वस्त असला तरी. बाजारात गाड्यावर मिळतात त्यातल्या कितीतरी बल्बांवर ९ वॅट छापलेलं असतं, कंपनीचं नाव नाही, ल्युमेन नाहीत, पत्ता नाही. शेठनी असा एक वॅटमीटरवर लावून दाखवला, पाचच्या पुढं काटा जाईना. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी नंबर असतो, आर पासून सुरू होणारा, आणि सोबत आयएस १६१०२ लिहिलेलं असतं, ते बघायचं. बीईई, म्हणजे वीजबचतीचं सरकारी खातं, त्यांचे तारे असतात ते एका वॅटमागं किती ल्युमेन मिळतात त्यावर दिलेले असतात. म्हणून ९ वॅटच्या दोन बल्बात पण ताऱ्यांचा फरक असला तर उजेडात फरक दिसतो.

किंमतीचं म्हणाल तर आज बऱ्या कंपनीचा ९ वॅटचा शंभराच्या आसपास मिळतो, दुकानाप्रमाणं थोडं कमीजास्त. २०१४ ला हाच बल्ब ३००-३५० रुपयांना होता. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली, केंद्राच्या ईईएसएल कंपनीनं एकदम प्रचंड मोठी खरेदी केली, ३६ कोटींच्या वर बल्ब देशभर वाटले गेले, आणि भाव ७०-८० पर्यंत खाली आला. माझ्या मते सरकारी योजनांमधे ही अगदी थेट घरात पोचलेली योजना आहे. आमच्या मामांच्या गावी, तासगाव तालुक्यात, त्या वेळचा एक बल्ब गोठ्यात अजून चालू आहे, शेणाच्या धुरानं काळपट झालाय पण चालू आहे. उघडा लटकतोय, सगळीकडून वारं लागतंय, म्हणून टिकलाय.

आणि इथंच मुख्य मुद्दा येतो. एलईडीचा दाणा, म्हणजे आतला उजेड देणारा बारीक तुकडा, सहजासहजी मरत नाही, आधी मरतो तो आतला ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्ट एसीचा दाण्याला झेपेल असा करंट करणारी छोटी पट्टी, आणि त्यात पण कॅपॅसिटर. कॅपॅसिटरला उष्णता सहन होत नाही. पिवळा बल्ब स्वतःच आगीसारखा तापायचा आणि त्याला काही व्हायचं नाही, एलईडी तापतो कमी पण त्याला तेवढं पण सोसत नाही. आमच्या दारापुढच्या ओट्यावर काचेचा बंद ग्लोब आहे, जुन्या पद्धतीचा, तीन स्क्रूंनी आवळलेला. त्यात लावलेला बल्ब वर्षाच्या आत गेला आणि त्याच दिवशी त्याच खोक्यातून काढून स्वयंपाकघरात उघड्या होल्डरला लावलेला आजही चालतोय. कंपनी तीच, बॅच तीच. ग्लोबमधे आता ५ वॅटचा लावलाय आणि वायरमन मामांनी (गावाकडचे मामा वेगळे, इथून पुढं मामा म्हणजे हे वायरमन) ग्लोबच्या वरच्या पत्र्याला दोन भोकं पाडून दिली.

तो गेलेला बल्ब मामांनी आमच्यासमोर उघडला, तो नीट बघण्यासारखा होता. वरचा दुधी प्लास्टिकचा घुमट पिळून काढला की खाली अ‍ॅल्युमिनियमची गोल चकती, तिच्यावर बारीक चौकोनी पिवळे दाणे गोलात बसवलेले. त्यातल्या एकाच दाण्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. बाकी सगळे धडधाकट. हे दाणे एकामागं एक जोडलेले असतात, एक तुटला की पुढचा करंट बंद, सगळा बल्ब मेला. खाली कॅपॅसिटर होता तो वरून फुगलेला. पिवळे दिसतात त्याचं पण मामांना विचारलं तर म्हणाले "पिवळी पावडर असती वर", आणि बरोबर आहे ते, आतला दाणा खरं तर निळा उजेड देतो, वरचा पिवळा थर त्यातला काही उजेड पिवळा करतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. तो निळा दाणा बनवायलाच जगाला फार वर्षं लागली, लाल आणि हिरवा आधीपासून होता पण निळ्याशिवाय पांढरा होत नव्हता. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याच्याबद्दल २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. मुलीला हे सांगितलं तर ती तो फुटका बल्ब शाळेत घेऊन गेली.

एक सांगतो, असा मेलेला दाणा जोडून बल्ब दुरुस्त करून देणारे आहेत, दहा-वीस रुपयात. काही दिवस चालतो पण. पण ड्रायव्हरवर ताण येतो आणि परत जातो. शिवाय हे घरी करू नका, आतली ड्रायव्हरची पट्टी थेट मेनवर असते, हात लागला तर जोरदार झटका बसतो.

आता होल्डर. याच्यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. आमच्या जिन्यातला आणि न्हाणीघरातला होल्डर जुना काळा बॅकेलाईटचा, पिनवाला. मामांनी काढून हातावर ठेवला तेव्हा दोन्ही पिना काळ्या पडलेल्या, एकीची स्प्रिंग बसून गेलेली, दाबली तर वर येत नव्हती. पिवळ्या बल्बला असं चालून जातं, थोडं लुकलुकतं, बास. एलईडीत प्रत्येक ठिणगीला ड्रायव्हरला धक्का बसतो. मामा म्हणाले, "साहेब, शंभराचा बल्ब लावताय, मग तीस रुपयाचा होल्डर कशाला वाचवताय?" सगळे होल्डर बदलले. त्या जिन्यात आधी एलईडी टिकत नव्हता तो आता व्यवस्थित चालू आहे. तुमच्याकडं कुठल्या एकाच जागेचा बल्ब सारखा जात असेल तर बल्बला शिव्या घालायच्या आधी होल्डर उघडून बघा, मेन बंद करून.

दुसरा प्रकार वायरिंगचा. वरच्या खोलीत बटण बंद केलं तरी एलईडी मंद मिणमिणत राहायचा. मिसेसला वाटलं बल्ब खराब आहे, शेजारच्या काकूंनी तर घरात काहीतरी आहे इथपर्यंत सांगितलं. मामांनी बटण बंद करून टेस्टर होल्डरला लावला, टेस्टर पेटला. म्हणजे बटण न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) होतं, फेज म्हणजे जिवंत वायर थेट होल्डरपर्यंत आलेली. जुन्या घरात हे कितीतरी ठिकाणी असतं, पिवळ्या बल्बात कधी कळतच नाही कारण तेवढ्याशा गळतीच्या करंटनं फिलामेंट पेटत नाही, एलईडीला मात्र ती गळती पण पुरते. हे नुसतं मिणमिणण्यापुरतं नाही, धोक्याचं आहे, बटण बंद आहे म्हणून माणूस बल्ब काढायला जातो आणि होल्डरमधे फेज जिवंत असते. बोर्डमधे दोन वायरी अदलाबदल केल्या, मिणमिण बंद. बटणावर लाल इंडिकेटर असला तरी असं होऊ शकतं, तिथं साधं बटण टाकायचं.

खोलीप्रमाणं काय लावलं ते सांगतो. स्वयंपाकघर आणि हॉलला २० वॅटची पट्टी. जुन्या फ्रेममधे नुसती एलईडी ट्यूब अडकवून मिळते ती मी नाही घेतली, त्यात चोक आणि स्टार्टर काढून वायर बदलावी लागते, प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी, उद्या कुणी त्यात परत साधी ट्यूब घातली तर घोळ. सरळ अख्खी पट्टी घेतली, दोन क्लिप, दोन वायरी, काम झालं. चोकची भुणभुण गेली, बटण दाबलं की लगेच लख्ख. आकडा बघितला तर नव्या साध्या ४० च्या ट्यूबचे ल्युमेन पट्टीपेक्षा जास्त दिसतील, पण ट्यूबचा अर्धा उजेड वर छताकडं आणि मागच्या भिंतीकडं जातो, पट्टीचा सगळा खाली येतो, म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावर उजेड उलट वाढला. जुनी ट्यूब कडेनं काळी पडून मंद झालेली असते ते वेगळंच.

रंगाचं बघून घ्या. केल्विन हा उजेडाच्या रंगाचा आकडा, ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, ४००० मधला, २७०० ते ३००० पिवळसर. आपल्याकडं "पांढरा द्या" म्हटलं की ६५०० हातात येतो. स्वयंपाकघरात मी ४००० चा आग्रह धरला आणि सीआरआय ८० च्या वर बघितला. सीआरआय म्हणजे त्या उजेडात वस्तूचा रंग किती खरा दिसतो त्याचा आकडा. आमचं गाव हळदीचं, मिसेसचं माहेर पण हळदीच्या व्यापारातलं, तिला हळद नुसत्या नजरेनं कळते. स्वस्तातल्या निळसर दिव्याखाली चांगली राजापुरी हळद पण फिकी, हिरवट झाक मारल्यासारखी दिसत होती, मेथी शिळी वाटत होती. ४००० च्या पट्टीखाली तीच हळद परत हळदीसारखी दिसली. देवघरात २७०० चा तीन वॅटचा, समईशेजारी पांढराफटक उजेड बघवत नाही. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर पण ४००० चा, आणि घेताना मोबाईलचा कॅमेरा बल्बसमोर धरून बघितला. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना जोरात दिसले की बल्ब डोळ्याला न कळेल इतक्या वेगानं लुकलुकतोय समजायचं. तसला दिवा अभ्यासाला नको, काही जणांना डोकेदुखी होते.

आईच्या खोलीला मुद्दाम जास्त ल्युमेनचा लावला, १२ वॅट. वय झालं की डोळ्याला उजेड जास्त लागतो, आणि इतकी वर्षं आपण काटकसर म्हणून म्हाताऱ्या माणसाच्याच खोलीत सगळ्यात मंद दिवा लावत आलो. बारा वॅट म्हणजे जुन्या झिरोच्या बल्बाएवढीच वीज. आई आता सुईत दोरा स्वतः ओवते. मला विचाराल तर या सगळ्या खर्चात सगळ्यात समाधानाची गोष्ट ही.

जिन्यात सेन्सरचा बल्ब. दोन प्रकार मिळतात, एक शरीराच्या उष्णतेवर चालणारा आणि एक रडारवाला. रडारवाला दाराच्या लाकडातून पण ओळखतो, आमच्या जिन्याचं दार बोळाकडं आहे तर बाहेरून माणूस गेला तरी आत दिवा लागायचा, रात्रभर उघडझाप. तो परसात हलवला आणि जिन्यात उष्णतेवाला बसवला, आता बरोबर चालतो. हातात सामान असताना, रात्री आई उठली तर, फार सोय.

इन्व्हर्टर बल्ब पण एक घेतला, म्हणजे लाईट गेली की आतल्या बॅटरीवर चालणारा. वळवाच्या पावसात आमच्याकडं लाईट जाणं ठरलेलंच. खोक्यावर ४ तास लिहिलंय, सुरुवातीला तेवढा चालतो पण उजेड अर्ध्याच्या खाली असतो, आणि दोन पावसाळ्यात बॅटरी थकते. जिन्यासाठी किंवा न्हाणीघरासाठी ठीक, अख्ख्या घरासाठी नाही. ज्यांच्याकडं मोठा इन्व्हर्टर आहे त्यांना मात्र एलईडीचा वेगळाच फायदा, पूर्वी दोन ट्यूबवर जी बॅटरी संपायची तिच्यावर आता सगळ्या घराचे दिवे तेवढा वेळ चालतात.

वळवावरून आठवलं. वीज कडाडली किंवा पोलवरचा न्यूट्रल सुटला की घरात व्होल्टेज एकदम चढतं आणि मग एका झटक्यात चार-पाच दिवे जातात, आमच्या आळीत झालंय. खोक्यावर सर्ज प्रोटेक्शन लिहिलेलं असतं, अडीच केव्ही, चार केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) असं. सांगलीसारख्या ठिकाणी, वरनं तारा गेलेल्या भागात, चार केव्हीवाल्याचे दहा-वीस रुपये जास्त द्यायला काही हरकत नाही. त्यानं विजेचा बारीक झटका सोसला जातो, न्यूट्रल सुटलेला मात्र कुठलाच बल्ब सोसत नाही, त्यासाठी मेनला व्होल्टेज कटऑफ लावायला लागतं, वायरमनला विचारून घ्या.

पाखरांचा फरक पण पडला. पहिला पाऊस झाला की ट्यूबखाली पंखवाल्या किड्यांचा सडा पडायचा, सकाळी केरसुणीनं भरून काढायचा. एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात म्हणून किडे कमी येतात, दारापुढच्या ओट्यावरच्या पिवळसर दिव्याला तर अगदीच कमी. बंद होत नाहीत, कमी होतात.

जुन्या ट्यूब आणि सीएफएलचं काय करायचं ते बघा जरा. त्यात पारा असतो, थोडासाच, पण फुटला की हवेत येतो. ओल्या कचऱ्यात घालून घंटागाडीत टाकू नका, गाडीवरची पोरं हातानं कचरा चाळत असतात, त्यांच्या तोंडासमोर फुटतं ते. आम्ही नव्या पट्टीच्याच खोक्यात जुन्या ट्यूब भरून, टेप लावून, वेगळ्या दिल्या आणि सांगून दिल्या. घरात फुटली तर खिडक्या उघडायच्या, पंधरा-वीस मिनिटं खोलीबाहेर थांबायचं, झाडूनं न झाडता पुठ्ठ्यानं गोळा करायचं. तांब्याचे चोक मात्र भंगारवाला आवडीनं घेतो, वजनावर पैसे देतो.

सगळं एकदम बदलायची गरज नाही. ज्या दिव्याखाली घरातली माणसं सगळ्यात जास्त वेळ असतात तो आधी, आणि रात्रभर जळणारा झिरो आधी. माळ्यावरचा बल्ब वर्षातून दिवाळीच्या आवरायला दोनदा लागतो, तो पिवळा असला तरी राहू दे, गेल्याशिवाय बदलू नका. भाड्यानं राहत असाल तरी बदला, पट्टीला दोनच क्लिप असतात, घर सोडताना काढून नेता येते, फक्त मालकाचे जुने चोक-पट्टी माळ्यावर जपून ठेवा आणि जाताना परत लावून द्या. आणि होल्डर बदललेत तर ते तसेच राहू द्या त्यांच्याकडं, पुढच्या भाडेकरूचे बल्ब टिकतील.